हुपरीची चांदी, गुजरीचे शेठ आणि 'पस्तीस-तीन'ची नोटीस: अटकपूर्व जामिनाचं एक प्रकरण

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नाव आलं की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातलं कुठलंही घर वकिलाला आधी एकच विचारतं: "अटकपूर्व मिळेल का?" प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की पोलिसांनी नोटीस दिली आहे का, कुठल्या कलमाखाली दिली आहे, आणि तुम्ही तिला लेखी उत्तर काय दिलंत. अशा गुन्ह्यांत अटक टळते की होते हे बऱ्याच वेळा त्या उत्तरावरच ठरतं. अटकपूर्व जामिनाचा अर्ज कोर्टात उभा राहतो तोही त्याच कागदाच्या आधारावर.

खालचं प्रकरण कोणा एका अशिलाचं नाही. कोल्हापुरात फौजदारी काम करताना एकाच साच्याची जी प्रकरणं हाताखालून गेली, त्यांतून ते जुळवलं आहे. माणसं, वयं, वजनं बदललेली आहेत. कलमं आणि निकाल मात्र जसेच्या तसे आहेत.

हुपरीचा एक चांदी कारागीर, वय चौतीस. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये छोटा कारखाना, चार माणसं हाताखाली. गुजरीतले, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातले, एक शेठ त्याला कच्ची चांदी द्यायचे, तो पैंजण करून परत द्यायचा आणि मजुरी घ्यायचा. सात-आठ वर्षांचा व्यवहार, सगळा विश्वासावर चाललेला. २०२५ च्या दिवाळीआधी शेठनी दोन हप्त्यांत ६ किलो चांदी दिली. दिवाळीच्या तोंडावर ४ किलो १५० ग्रॅमचे पैंजण परत गेले. ठरलेली घट १२० ग्रॅम. राहिली १ किलो ७३० ग्रॅम. त्यातली ५२० ग्रॅम अर्धवट माल म्हणून गावातल्या दोन बायकांकडे जोडणीला होती. उरलेली १ किलो २१० ग्रॅम कारागिराने स्वतःकडे ठेवून घेतली आणि शेठना फोनवर सांगितलं, "मागच्या दोन सीझनची मजुरी द्या, मग चांदी न्या."

शेठचं म्हणणं, मजुरी कधीच रोखीत चुकती केली. कारागिराचं म्हणणं, निम्मीसुद्धा मिळालेली नाही. सही कुणाचीच कशावर नाही. त्यात २०२५ मध्ये चांदीचा दर असा चढला की अडवून ठेवलेल्या चांदीची किंमत थकलेल्या मजुरीच्या जवळपास दुप्पट झाली. दर चढला नसता तर हे भांडण गुजरीतल्या एखाद्या जाणत्या माणसासमोर चहावर मिटलं असतं असं मला वाटतं.

शेठनी पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला. तिथून कारागिराला फोन आला: "या की जरा स्टेशनला, साहेब बोलवायलेत." तो गेला. सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत बाकावर बसून राहिला. मधे दोनदा "काय हाय ते मिटवून टाका" एवढंच बोलणं झालं. कुठल्याही कागदावर त्याची सही घेतली नाही, त्यामुळे तो तिथे आला होता याची नोंदही त्याच्या हाती राहिली नाही.

इथे गुन्हा अजून दाखल नाही, आणि या टप्प्याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यात ठाणेदार डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतो. प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का, एवढंच त्यात बघायचं असतं. अशा चौकशीला जायला हरकत नाही, उलट जावंच. पण फोनवर बोलावलं तर नम्रपणे लेखी बोलावणं मागायचं. न मिळालं, तर जाताना स्वतःचा दोन ओळींचा अर्ज न्यायचा, 'आज अमुक वाजता चौकशीसाठी हजर आहे', आणि त्याच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्यायचा. पोलीस ठाण्यात शिक्का मागायला माणसं बिचकतात. मी म्हणतो, तो मागताना आवाज चढवू नका, पण मागा.

दिवसभर बसवून ठेवणं ही लहान गोष्ट नाही. माणसाला उठून जायची मुभा नसेल तर कागदावर 'चौकशी' लिहिलेलं असलं तरी ती प्रत्यक्षात कोठडीच. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचा आणि चित्रण १८ महिने जपायचा आदेश दिला. यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तर निदान एक वर्ष तरी. म्हणून दुसऱ्याच दिवशी पोलीस अधीक्षक कार्यालयाला अर्ज गेला: अमुक तारखेचं, अकरा ते सातचं, ठाण्याच्या दर्शनी भागाचं चित्रण जपून ठेवावं. त्यात कोणावरही आरोप केला नव्हता. पुढच्या वेळी कारागिराला बोलावलं तेव्हा अर्ध्या तासात सोडलं. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी छातीठोक सांगत नाही, पण असा अर्ज मी आता नेहमी देतो.

दहाएक दिवसांनी गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६(२) आणि ३१८(४). आरोपी तीन: कारागीर, त्याचे सहासष्ट वर्षांचे वडील आणि बायको. वडील का, तर कारखाना त्यांच्या नावावर. बायको का, तर मजुरीचे ऑनलाइन पैसे तिच्या खात्यावर यायचे. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढली. संवेदनशील गुन्हे सोडले तर नोंदीपासून २४ तासांत एफआयआर संकेतस्थळावर टाकावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच सांगितलं आहे. प्रतीसाठी ठाण्यात हेलपाटे मारायची किंवा कुणाचे पाय धरायची गरज नसते.

त्याच संध्याकाळी कारागिराच्या मोबाईलवर व्हॉट्सॲपने एका नोटिशीचा फोटो आला. आधी छापून ठेवलेला नमुना, मोकळ्या जागा पेनाने भरलेल्या. जावक क्रमांक नाही. मथळ्यात अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१अ छापलेलं, ते खोडून वर '३५(३)' लिहिलेलं. नागरिक सुरक्षा संहितेतलं हे कलम, अटक न करता हजर राहायला सांगणाऱ्या नोटिशीचं. हजर राहायची तारीख होती दुसऱ्या दिवशीची, वेळ सकाळी दहाची.

रात्री घरात बैठक बसली. बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, अनुभवी माणूस. ते म्हणाले, "चार दिवस निपाणीला पाहुण्यांकडं चल. मोबाईल बंद ठेव. तवर वकील अटकपूर्व काढतोय." आणखी एकाचं म्हणणं, व्हॉट्सॲपची नोटीस कायद्याने चालतच नाही, तेव्हा तिकडे बघायचंच नाही.

दुसरा मुद्दा कायद्याने बरोबर आहे. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात २१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲप किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची नाही. जुलै २०२५ मध्ये हे बदलून घेण्याचा प्रयत्न झाला, तोही न्यायालयाने नाकारला. साक्षीदाराचं किंवा आरोपीचं समन्स वेगळं. ही नोटीस पाळली नाही तर माणसाचं स्वातंत्र्य जाऊ शकतं, म्हणून ती हातात पडली पाहिजे.

तरीही नोटिशीकडे दुर्लक्ष करायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. कारण कलम ३५ च्या पुढच्या उपकलमांत आहे. उपकलम ४ म्हणतं, नोटीस पाळणं तुमचं कर्तव्य आहे. उपकलम ५ म्हणतं, जोवर तुम्ही ती पाळत आहात तोवर त्या गुन्ह्यात तुम्हाला अटक करता येणार नाही. करायची तर अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवली पाहिजेत. आणि उपकलम ६ म्हणतं, तुम्ही पाळली नाही किंवा ओळख द्यायला टाळाटाळ केली, तर अटकेचा रस्ता मोकळा. म्हणजे निपाणीला जाऊन मोबाईल बंद करणारा माणूस स्वतःच्या हाताने उपकलम ५ मधून उठून उपकलम ६ मध्ये जाऊन बसतो. पुढे अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकिलाला 'आरोपी फरार आहे' हे एक वाक्य पुरतं.

म्हणून मधला मार्ग काढला. त्याच रात्री व्हॉट्सॲपवर उत्तर पाठवलं आणि सकाळी त्याची छापील प्रत ठाण्यात देऊन पोच घेतली. मजकूर साधा होता: नोटिशीचा फोटो मिळाला, रीतसर बजावणी झालेली नाही, तरी मी तपासाला पूर्ण सहकार्य करणार आहे, आज दहा वाजता हजर आहे, माझा पत्ता, दोन मोबाईल नंबर आणि आधार क्रमांक असा, व्यवहाराच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, मूळ चिठ्ठ्या मागाल तेव्हा पंचांसमोर देईन. त्या दिवशी तपासी अंमलदाराने त्याला नीट, छापील, जावक क्रमांकाची नोटीस हातात दिली. आता त्याच्याकडे उपकलम ५ चं संरक्षण खऱ्या अर्थाने आलं.

त्या चिठ्ठ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रकरणाचा जीव त्यांत होता. तळहातात मावतील एवढे कागद, काही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचे. शेठच्या माणसाच्या अक्षरात पेन्सिलीने वजन, टंच (म्हणजे चांदीची शुद्धता), तारीख. खाली मजुरीचा आकडा आणि त्यापुढे 'बाकी'. तीन चिठ्ठ्यांवर 'बाकी' हा शब्द स्पष्ट होता आणि त्या तिन्ही शेठकडूनच आलेल्या होत्या. मजुरी पूर्ण चुकती झाली या एफआयआरमधल्या वाक्याला त्या थेट छेद देत होत्या. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पैंजणाच्या नमुन्यांखाली पडल्या होत्या, आणि वडिलांनी सांगितलं नसतं तर कुणी डबा उघडलाही नसता.

आता गुन्ह्याकडे. ३१६(२) म्हणजे फौजदारी विश्वासघात, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ३१८(४) म्हणजे फसवणूक, सात वर्षांपर्यंत. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र. ही दोन कलमं एकाच हकिकतीवर एकत्र लावायची सवय फार जुनी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी दिल्ली रेस क्लब प्रकरणात त्यावर कडक शब्दांत बोट ठेवलं. फसवणुकीत सुरुवातीपासूनच मनात कपट असावं लागतं. विश्वासघातात माल आधी प्रामाणिकपणे हाती येतो आणि मग मन फिरतं. एकाच व्यवहारात दोन्ही कसं असेल? सात-आठ वर्षे माल वेळेवर परत देणाऱ्याने सहा किलो घेतानाच फसवायचं ठरवलं होतं, हे कुणाला पटेल?

पण शेठची तक्रार पोकळ होती असं मी म्हणणार नाही. चांदी त्यांचीच होती, ती विकलेली नव्हती, घडवायला दिली होती. म्हणजे 'सुपूर्द करणे' हा विश्वासघाताचा पहिला घटक इथे हजर आहे. कारागिराला वाटत होतं की मजुरी मिळेपर्यंत माल अडवायचा त्याला हक्कच आहे. तसा हक्क करार कायद्याच्या कलम १७० मध्ये आहे खरा: ज्या मालावर मेहनत केली तो माल त्या मेहनतीच्या मोबदल्यासाठी अडवता येतो. पण त्याच मालासाठी. मागच्या हंगामाच्या मजुरीपोटी नवी चांदी अडवायची सर्वसाधारण मुभा कलम १७१ प्रमाणे बँका, अडत्ये, वकील अशा मोजक्या लोकांना आहे, कारागिराला नाही, तसा करार असल्याशिवाय. हे मी त्याला पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मात्र चुकीच्या समजुतीने पण उघडपणे, फोन करून सांगून, हक्क म्हणून माल ठेवणं आणि लबाडीने गिळंकृत करणं, यांत फौजदारी कायदा फरक करतो. आमचा बचाव त्या फरकात होता आणि 'बाकी' लिहिलेल्या चिठ्ठ्या त्याचा पुरावा होत्या.

नोटीस हातात आहे, हजेरी लागली आहे, मग अटकपूर्वचा अर्ज करायचा का? यावर माझं मत सहसा 'थांबा' असं असतं. अर्ज फेटाळला गेला तर तपास अधिकाऱ्याला वाटतं की आता न्यायालयानेच मोकळीक दिली. शिवाय नोटीस दिलेली असताना अटकेची भीती कसली, असं न्यायालयही विचारतं. १९८० च्या गुरबक्षसिंग सिब्बिया निकालापासून कसोटी तीच आहे: एफआयआर नसला तरी चालेल, पण भीतीला ठोस आधार हवा, नुसता धसका पुरत नाही.

इथे आधार मिळाला तो दुसऱ्या हजेरीच्या दिवशी. अंमलदार म्हणाले, "मुद्देमाल हस्तगत करायचाय, त्याशिवाय तपास पुढं जात नाही. तुम्हाला आत घ्यावंच लागेल." तो शुक्रवार होता. शनिवारी अटक झाली तर सुट्टीच्या दिवशीच्या कोर्टापुढे चोवीस तासांत हजर करतील हे खरं, पण जामीन अर्जावर पोलिसांचं म्हणणं मागवण्यात दोन-तीन दिवस जातात, आणि ते दिवस माणूस कळंबा कारागृहात काढतो. हुपरीसारख्या गावात तेवढ्यावर धंदा बसतो, कारण पुढच्या हंगामाला कुठलाही शेठ विश्वासाने चांदी देत नाही. म्हणून शुक्रवारीच कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज दाखल केला. जुन्या कायद्यातलं ४३८ ते हेच.

अर्जासोबत तीन गोष्टी जोडल्या. नोटीस आणि तिला दिलेली उत्तरं, पोचेसह. तिन्ही चिठ्ठ्या. आणि एक लेखी तयारी: ५२० ग्रॅम अर्धवट माल आणि १ किलो २१० ग्रॅम चांदी, आमचा मजुरीचा हक्क अबाधित ठेवून, तपासी अंमलदाराकडे पंचनाम्याने जमा करू.

ही तिसरी गोष्ट घरात सगळ्यांत जड गेली. वडील म्हणाले, "वकीलसाहेब, आमचा घाम अडकलाय त्यात. चांदी दिली की मजुरी बुडाली." मी त्यांना म्हटलं, "अप्पा, चांदी पोलिसांकडं गेली म्हणजे शेठकडं गेली असं नाही. ती मुद्देमाल होते. कोणाला द्यायची ते पुढं मॅजिस्ट्रेट ठरवणार, आणि तिथं आपल्याला बोलता येतंय." त्यांना पटायला वेळ लागला. माझा हिशोब असा होता की कोठडीसाठी पोलिसांकडे एकच कारण आहे, जप्ती. ते आपण होऊन संपवलं तर उरतं काय? न्यायालय आरोपीला तक्रारदाराचे पैसे भर मग जामीन देतो असं म्हणू शकत नाही. जामिनाची सुनावणी म्हणजे वसुलीची कारवाई नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रमेश कुमार प्रकरणात साफ सांगितलं आहे. पण सक्तीने भरायला लावणं वेगळं आणि वादातली वस्तू स्वतःहून तपासाला देणं वेगळं.

न्यायालयाने सरकारी वकिलांना नोटीस काढली, पोलिसांचं म्हणणं मागवलं आणि पुढच्या तारखेपर्यंत अंतरिम संरक्षण दिलं. आठवड्याने पोलिसांचं म्हणणं आलं. त्यात तीन मुद्दे होते: चांदी हस्तगत करायची आहे, ती आटवली का याची चौकशी करायची आहे, आणि आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल. चांदी आम्ही मधल्या काळात जमा केली होती, त्यामुळे पहिले दोन मुद्दे त्या पंचनाम्याने संपले होते. जमा झालेल्या चांदीचं वजन आमच्या हिशोबाशी जुळलं, टंचही चिठ्ठीवरच्या टंचाशी जुळलं. तिसऱ्यासाठी अट पुरेशी होती.

युक्तिवादात अर्नेश कुमार निकाल वाचला. २ जुलै २०१४ चा हा निकाल हुंड्याच्या छळाच्या प्रकरणातून आला, पण सात वर्षांपर्यंतच्या सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. अटक करता येते म्हणून करायची नाही. पुन्हा गुन्हा होईल, तपास नीट होणार नाही, पुरावा नष्ट होईल, साक्षीदाराला धमकावलं जाईल, किंवा माणूस न्यायालयात येणारच नाही, यांपैकी काहीतरी खरंच असावं लागतं, आणि ते अधिकाऱ्याने लिहून ठेवावं लागतं. ही कारणं आता कलम ३५(१)(ब) मध्येच आहेत. न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खात्याची कारवाई आणि अवमानाची कारवाई होऊ शकते; डोळे झाकून कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यालाही उच्च न्यायालय जाब विचारू शकतं. पोलिसांच्या म्हणण्यात यांपैकी एकाही कारणाला हकिकतीचा आधार नव्हता.

कारागिराचा अर्ज मंजूर झाला. जातमुचलका आणि एक जामीनदार, दोन सोमवारी ठाण्यात हजेरी, साक्षीदारांना भेटायचं नाही, देश सोडायचा नाही. जामीनदाराचा सातबारा चालू महिन्याचा हवा होता. तो काढण्यात एक दिवस गेला, एवढीच अडचण. हा आदेश आरोपपत्र आलं म्हणून संपत नाही. सुशीला अग्रवाल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २९ जानेवारी २०२० रोजी ठरवलं आहे की अटकपूर्व जामिनाला सहसा मुदत घालायची नाही, तो खटला संपेपर्यंत चालू शकतो. आरोपपत्राच्या दिवशी घाबरून पुन्हा जामिनाचा अर्ज करणारे लोक मी पाहिले आहेत. त्याची गरज नसते.

बायको आणि वडिलांच्या बाबतीत सरकारी वकिलांनी सांगितलं की त्यांना अटक करायची नाही, नोटिशीवरच तपास होईल. ते नोंदवून त्यांचे अर्ज निकाली निघाले. वडिलांबद्दल घरात एक गैरसमज होता: साठीच्या पुढच्या माणसाला अटक होतच नाही. तसं नाही. कलम ३५(७) म्हणतं की तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीपुढचा किंवा दुर्बल असेल, तर डीवायएसपी किंवा वरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही. इथला गुन्हा पाच आणि सात वर्षांचा, म्हणून ते संरक्षण वडिलांना नव्हतं. त्यांना आणि सुनेला एक वेगळी सवलत मात्र होती. साक्षीदार म्हणून बोलवायचं झालं तर साठीपुढच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला कलम १७९ प्रमाणे ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. आणि स्त्रीला सूर्यास्तानंतर, सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते.

अर्ज फेटाळला असता तर? पूर्वी अशा वेळी महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढून मुंबई गाठायची, तिथला वकील बघायचा, आणि बोर्डावर प्रकरण येईपर्यंत जीव टांगणीला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे चालतं. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. अटकपूर्वच्या कामात जिथे एकेक दिवस मोजावा लागतो, तिथे या अंतराचा अर्थ काय होता हे भोगलेल्यालाच कळतं.

आणि सगळं असूनही अटक झालीच असती, तर पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत मिळाली का? ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाप्रमाणे ती सगळ्याच गुन्ह्यांत द्यावी लागतात. अटकेच्या क्षणी लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी लेखी. नातेवाइकाला कळवलं का? अटकेच्या पंचनाम्यावर घरच्याची किंवा गावच्या प्रतिष्ठित माणसाची सही आहे का? अटकेची वेळ खरी लिहिली आहे का, की बाकावर बसवलेले तास गाळले आहेत? रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांपुढे हे प्रश्न वकिलाने आणि गरज पडली तर आरोपीने स्वतः विचारावेत.

पुढचं थोडक्यात. चांदी परत मिळावी म्हणून शेठनी दंडाधिकाऱ्यांकडे कलम ४९७ खाली अर्ज केला. आम्ही हरकत घेतली: द्यायची तर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा बंधपत्रावर, द्या, फोटो आणि वजन-टंचाची नोंद ठेवा, आणि खटला संपेपर्यंत तेवढ्याच टंचाची तेवढीच चांदी हजर करण्याची हमी घ्या. तसा आदेश झाला. मजुरीसाठी कारागिराने दिवाणी न्यायालयात स्वतंत्र दावा लावला आहे, त्यात त्या तीन चिठ्ठ्या निशाणी म्हणून दाखल आहेत. ३१६(२) चा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीत मिटवता येतो. शेठचे एक व्याही आणि कारागिराचे दाजी यांनी दोन्हीकडे बोलणी सुरू केली आहेत. शेठ मजुरीची बाकी मान्य करायला तयार आहेत, पण आकडा कमी सांगतात. वडील सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत मोजायला मागतात. ती बैठक अजून ठरलेली नाही.